चढावर दम सोडणारी बॅटरीची सायकल

अंगारकीच्या दिवशी पहाटे चारला माझा भाचा एरंडोलहून पद्मालयाच्या गणपतीला निघाला. बॅटरीची सायकल, मागे कॅरिअरला पंचवीस किलो नारळांची गोणी, पुढे हारांची पिशवी. सपाटीला गाडी मजेत पळाली. डोंगराचा चढ लागला तशी आधी मंदावली, मग स्क्रीनवरच्या बॅटरीच्या दांड्या तीनवरून एकावर आल्या आणि मोटर गप्प. पाच मिनिटं थांबून पुन्हा चालू केली तर दांड्या परत तीन! पन्नास पावलं गेली, पुन्हा गप्प. शेवटी त्याने गोणीसकट ढकलत नेली. दुपारी माझ्या दारात सायकल उभी करून म्हणाला, “मामा, मोटर हलकी शे हिची. मोठी टाकून देऊ.”

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. त्यामुळे नात्यातली प्रत्येक रुसलेली वस्तू, मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत, माझ्या ओट्यावर येऊन पडते. ही सायकलही तशीच पडली. तपासल्यावर दिसलं की मोटर हलकी नव्हती, तिला कोणी पोटभर जेवू घालत नव्हतं. स्वस्तातल्या दहा सायकलींपैकी बहुतेकींची हीच तक्रार असते. पण दुकानात गेलं की आधी मोठी मोटर नाहीतर जास्त व्होल्टची बॅटरी गळ्यात मारतात. म्हणून पैसे काढण्याआधी आत काय चाललंय ते समजून घेऊ.

खान्देशात ठिबक कोणाला समजावून सांगावी लागत नाही, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. अँपिअर म्हणजे नळीतून वाहणारं पाणी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, म्हणजे प्रत्यक्ष होणारं काम. वायर बारीक असली, जोड सैल असले की शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही, तसं मोटरला व्होल्ट पोचत नाहीत.

आता मोटरचा स्वभाव. तिचा वेग व्होल्टवर चालतो, जोर अँपिअरवर. ३६ व्होल्टवर जी मोटर २५ च्या वेगाने पळते, ती ४८ व्होल्टवर साधारण ३३ ने पळेल. पण उभ्या चढावर चाक फिरवायला जो पीळ लागतो, तो अँपिअरमधून येतो. आणि तिसरी गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत: तारांमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. १५ अँपिअरऐवजी २२ दिले तर जोर दीडपट, पण उष्णता दुपटीहून जास्त. वेग हवा की चढ, हे आधी ठरवावं लागतं ते यामुळे. दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

किती वॅट लागतात याचा अंदाज आपला आपण काढता येतो. माणूस ७५ किलो, सायकल २५ किलो, म्हणजे एकूण १०० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरला चाकावर साधारण १७० वॅट लागतात. त्यात शंभरेक वॅट नुसती हवा खाते. तीच गाडी ४० ने न्यायची तर ५२० वॅट लागतात. वेग दीडपटीच्या थोडा वर, ताकद तिप्पट! कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. बॅटरी तीच असेल तर एका चार्जमध्ये होणारं अंतर निम्म्यावर येतं. “मामा, वेग वाढवला तर लवकर पोचेन, म्हणजे बॅटरी कमी लागेल,” असं भाच्याचं गणित होतं. ते उलटं आहे.

हवेवरून आठवलं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल, तर २५ च्या वेगाला १७० ऐवजी ३२५ वॅट लागतात. सव्वादोन टक्क्यांचा चढ लागल्यासारखंच. धुळ्या-नंदुरबारकडचे लोक “जाताना बॅटरी पुरते, येताना पुरत नाही” म्हणतात, तेव्हा बिघाड शोधण्याआधी वाऱ्याची दिशा विचारावी.

आता चढ. शंभर मीटर जाताना पाच मीटर वर चढलो तर तो ५ टक्के चढ. आपले घाटरस्ते साधारण ५ ते ७ टक्क्यांत आखलेले असतात, गल्लीबोळातला आणि देवळाकडचा चढ त्याहून उभा असू शकतो. ५ टक्के चढावर १५ च्या वेगाने जायला त्या १०० किलोंना २७० वॅट लागतात. पाठीशी पंचवीस किलो नारळ टाकले की ३३०. भाच्याच्या मोटरवर २५० वॅट लिहिलेलं होतं, म्हणून त्याला वाटलं की इथेच चूक सापडली.

पण मोटरवरचा आकडा म्हणजे ती न तापता दीर्घकाळ किती काम करू शकते त्याचा. थोडा वेळ ती त्याहून बरंच जास्त ओढते. किती ओढायचं ते बॅटरी आणि मोटरच्या मधला डबा, म्हणजे कंट्रोलर, ठरवतो. त्याचा कंट्रोलर १५ अँपिअरचा होता. ३६ गुणिले १५ म्हणजे ५४० वॅट आत जाणार, पाव-तृतीयांश उष्णतेत गेले तरी साडेतीनशे-चारशे चाकावर यायला हवेत. म्हणजे नारळासकट गाडी रडतखडत का होईना, चढायला हवी होती.

मग मी मल्टिमीटर बॅटरीच्या जोडावर लावून ठेवला, भाच्याला मागे बसवलं आणि गावातल्याच एका चढावर सायकल नेली. उभ्या गाडीला ३८ व्होल्ट. चढाला एक्सलेटर पिळला तसा काटा घसरत ३०.८ वर आला आणि मोटर बंद. एक्सलेटर सोडला, दहा सेकंदांत परत ३७. दांड्यांचं कोडं सुटलं. ३६ व्होल्टचा कंट्रोलर बॅटरी ३१ च्या खाली गेली की तिला वाचवण्यासाठी हात वर करतो. बॅटरी रिकामी नव्हती, ओझं पडलं की तिचा दाब कोसळत होता. हिशेब केला तर १५ अँपिअरला सव्वासात व्होल्ट गळत होते, म्हणजे शंभरावर वॅट बॅटरीच्या पोटात आणि काळवंडलेल्या जोडांत जळत होते. चढाला लागणाऱ्या ताकदीचा तिसरा हिस्सा गाडी जागच्या जागीच शेकोटीला घालत होती.

बॅटरी उघडली (हे सवयीच्या माणसानेच करावं. लिथियमच्या सेलांना पाना आडवा लागला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते). आत अंगठ्याएवढ्या जाडीचे तीस सेल. तीन-तीनचे जथे, असे दहा जथे एकामागे एक. पूर्ण भरली की ४२ व्होल्ट. १५ अँपिअर तीन सेलांत वाटले की एकेकावर पाच येतात. स्वस्तातल्या सेलांची झेप साधारण तेवढीच, आणि हे तर जुने झालेले. एक जथा बाकीच्यांपेक्षा पार मागे पडला होता. बैलगाडीत एक बैल लंगडा असला की दुसऱ्याचा जोर काय कामाचा!

इथे भाच्याने मला न विचारता एक उद्योग केला. कोणीतरी त्याला सांगितलं, ४८ व्होल्टची बॅटरी टाक, गाडी उडेल. एका दुकानातून त्याने ती आणली, जुन्याच कंट्रोलरला जोडली. दुकानदाराने कंट्रोलर कोणता आहे हे विचारलंही नाही. गाडी अंगणातल्या अंगणात खरंच उडाली. मग सीटखाली फट् असा आवाज झाला आणि जळक्या माशासारखा वास सुटला.

कंट्रोलरचा ॲल्युमिनियमचा डबा चार स्क्रू काढून मी त्याला दाखवला. आत करंगळीएवढे काळे दंडगोल असतात, कॅपॅसिटर. त्यांच्या अंगावर किती व्होल्ट सोसतील ते छापलेलं असतं. याच्यावर ५० छापलं होतं. ४८ व्होल्टची म्हणून जी बॅटरी मिळते तिच्यात तेरा जथे असतात आणि ती पूर्ण भरली की ५४.६ व्होल्ट देते. दंडगोलाचं डोकं फुगून फुलासारखं उमललं होतं. काही कंट्रोलरांत ६३ चे कॅपॅसिटर असतात, ते फुटत नाहीत. पण तिथे दुसरी गोम आहे. तो कंट्रोलर ३१ व्होल्टपर्यंत बॅटरी ओढत राहील. तेरा जथ्यांना ३१ म्हणजे सेलामागे २.४ व्होल्ट, सेलांची वाट लागायला पुरेसे. मग सगळा भरवसा बॅटरीतल्या बीएमएसवर. हा बीएमएस म्हणजे सेल जास्त भरू नयेत, जास्त रिकामे होऊ नयेत, शॉर्ट झाल्यास तोडावं, यासाठी बसवलेला राखणदार. काही कारागीर “हाच अडवतो” म्हणून त्याला बायपास करतात. असं करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

तेव्हा ४८ व्होल्ट करायचंच असेल तर बॅटरी, कंट्रोलर, ५४.६ चा चार्जर आणि दिवा-हॉर्नला वेगळं व्होल्ट देणारी सोय, असा संचच बदलावा लागतो. वेग मिळतो. चढावरही थोडा फरक पडतो, कारण त्याच अँपिअरला जास्त वॅट येतात. पण उभ्या चढावर चाक अडकल्यासारखं होतं तेव्हा लागणारा पीळ नुसत्या व्होल्टने येत नाही.

वेगाच्या हौशीला कायद्याचं कुंपणही आहे. मोटरची तीस मिनिटांची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, वजन बॅटरी सोडून ६० किलोच्या आत, अशी चाचणी करून मंजूर झालेली गाडी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला नंबर नाही, लायसन नाही, विमा नाही. ही मर्यादा ओलांडली की तीच सायकल बिनानंबरची, बिनाविम्याची मोटारगाडी होते. २०२२ साली राज्याच्या परिवहन खात्याने असे फेरफार केलेल्या गाड्या तपासायला घेतल्या होत्या. दंडाचं सोडा, कोणाला धडकलात तर भरपाई खिशातून जाते. बऱ्याच सायकलींत कंट्रोलरमधून एकमेकींत खोचलेल्या दोन वायरी बाहेर येतात, त्या सोडवल्या की वेगाचा लगाम सुटतो. मिळतात काय, तर सपाटीला चार-पाच किलोमीटर, आणि चढावर शून्य. मी ती जोडी सोडवली नाही.

चढासाठी मी काय काय केलं ते सांगतो. सगळ्यात आधी पैसे न लागणारं. टायरमध्ये हवा निम्मी होती. बाभळीच्या काट्यांच्या भीतीने आपल्याकडे जाड ट्यूब टाकतात आणि हवा कमी ठेवतात. काट्याला हवा कमी-जास्त असल्याचं काही पडलेलं नसतं, पण २५ च्या वेगाला तीसेक वॅट मात्र त्यात जिरतात. मग ब्रेकचं रबर रिमला घासत होतं ते सोडवलं. कॅरिअरला बांधलेला लोखंडी खोका, सात किलोचा, काढून टाकला.

पुढचं औषध किरकोळ पैशाचं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. या सायकलीला चेनच्या पुढच्या चकतीला ४४ दात, मागच्या चाकावरच्या चकतीला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ दात होते. १५ च्या वेगाला पाय मिनिटाला ४९ वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक पॅडलवर उभं राहावं लागतं. मागे २२ ची फ्रीव्हील बसवली तर तेच ६० होतात आणि पाय मोकळे चालतात. धडधाकट माणूस सहज ७५ ते १०० वॅट देतो. ३३० पैकी १०० पायांनी दिले तर मोटरवर २३० च उरतात, तिच्या रोजच्या खुराकाइतके. “पॅडलच मारायचं तर बॅटरीची कशाला घेतली?” हा प्रश्न भाच्याने विचारलाच. मी म्हटलं, ढकलत नेलीस तेव्हा काय करत होतास?

मग बॅटरी. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो आणि इथेच जायला हवा. व्होल्ट तेच, ३६, पण तीनऐवजी पाच-पाच सेलांचे जथे, एकूण पन्नास. टाकीची उंची तीच, नळी रुंद. २० अँपिअर ओढले तरी एकेका सेलावर चारच येतात आणि दाब तीन व्होल्टच्या आसपासच पडतो. बॅटरी ते कंट्रोलर वायर जाड घेतली, काळवंडलेले जोड कापून नवे डाग (सोल्डर) मारले. फुटलेल्या कंट्रोलरच्या जागी ३६ व्होल्टचाच, २० अँपिअरचा. जुन्या कंट्रोलरवरही काही जण एक युक्ती करतात. आत करंट मोजणारी एक जाड तार असते, तिच्यावर डाग चढवला की कंट्रोलर करंट कमी मोजतो आणि प्रत्यक्षात जास्त सोडतो. युक्ती चालते. पण आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) आणि पट्ट्या त्या जास्तीच्या करंटसाठी बनवलेल्या नसतात, आणि मेच्या दुपारी भुसावळला त्यांची परीक्षा घेण्याची मला हौस नाही.

२० अँपिअरने मोटरमधली उष्णता पावणेदोनपट होते, म्हणून मोटरही उघडून बघितली. स्वस्तातल्या सायकलींत दोन तऱ्हेच्या हब मोटरी, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणाऱ्या मोटरी, येतात. एक जड, मोठ्या थाळीसारखी, आत गिअर नसलेली. ती दणकट, पण हळू फिरताना जोर कमी आणि ताप जास्त, चढाला तिची अडचण. दुसरी लहान, डब्याएवढी, जिच्या आत मोटर भरभर फिरते आणि नायलॉनचे तीन पांढरे गिअर तो वेग चार-पाच पटींनी कमी करून जोर वाढवतात. भाच्याची ही दुसरी. गिअरचे दात शाबूत होते, ग्रीस मात्र सुकून मेणासारखं झालं होतं. नवं भरलं. जास्त अँपिअर देऊन पाय न मारता एकदम पूर्ण एक्सलेटर पिळला की हेच दात सोलून निघतात.

चालवण्याची रीतही यातच येते. मोटर रिकामी फिरताना जेवढा वेग गाठते त्याच्या निम्म्याखाली ती गेली की बॅटरीतून येणाऱ्यातला मोठा भाग ताप बनून जातो. मागचं चाक उचलून एक्सलेटर पिळा, स्क्रीनवर ३० आले तर चढावर १५ च्या खाली जाऊ देऊ नका. खालूनच वेग घेऊन चढाला लागा, पाय चालू ठेवा, तरी १० वर आली तर उतरून ढकला. त्यात कमीपणा नाही. चढ संपल्यावर मोटरच्या टोपणावर तळहात ठेवा. पाच-सहा सेकंद ठेववत नसेल तर आत गिअर मऊ पडायला लागलेत असं समजून गाडी सावलीत लावा.

एक गोष्ट गाडीबरोबर येत नाही, मुद्दाम करून घ्यावी लागते. मोटर चाकाला पुढे पीळ देते, तेव्हा तिचा ॲक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरू पाहतो. त्याला धरायला असतात ॲक्सलच्या दोन सपाट बाजू, १० मिलिमीटरच्या, आणि दोन नट. अँपिअर वाढवले आणि नट ढिला असला तर ॲक्सल खाचेत फिरतो, वायरी पिळवटून तोडतो आणि चाक निसटतं. फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिलिमीटर लोखंडी पट्टीला ॲक्सलच्या मापाचं भोक पाडून घेतलं आणि तिचं दुसरं टोक फ्रेमला बोल्टने कसलं. पुढच्या चाकात मोटर असलेल्यांनी, त्यातही चाक धरणारा चिमटा ॲल्युमिनियमचा असेल तर, ही पट्टी आधी बसवावी, बाकीचं नंतर.

पॅडलजवळ बसणारी, चेन ओढणारी मोटर चढाला सगळ्यात उत्तम, कारण ती सायकलीचे गिअर वापरते. पण किमतीत तशी आणखी एक साधी सायकल येईल, आणि सुट्या भागांसाठी मुंबई-पुण्याकडे बघत बसावं लागतं. भाच्याच्या नारळांना ती परवडत नाही.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. सेल बनवणारे चार्जिंगसाठी साधारण ४५ अंशांची मर्यादा सांगतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच तेवढं होतं, आणि नुकत्याच चढ चढून आलेल्या बॅटरीचं पोट त्याहून गरम असतं. दुपारी घरी आल्या आल्या चार्जर लावू नये. संध्याकाळी, बॅटरी गार झाल्यावर, मोकळ्या ओट्यावर, घरातलं माणूस जागं असताना लावावी. जिन्याखाली आणि दाराच्या आड तर कधीच नाही. तिथे पेटली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

पुढच्या संकष्टीला भाचा पुन्हा गोणी बांधून गेला. मल्टिमीटर हँडलला रबराने बांधून दिला होता. चढावर १४ चा वेग, व्होल्ट ३५ च्या खाली गेले नाहीत, वर पोचल्यावर टोपणाला हात आठ सेकंद ठेववला. फोनवर सगळे आकडे नीट सांगितले पठ्ठ्याने.

तासाभराने दुसरा फोन. उतरताना मागचा ब्रेक धरून धरून रिम तापली आणि रबराचा वास यायला लागला. अशा गिअरवाल्या मोटरीत उतारावर चाक सुटं फिरतं, मोटर गाडीला आवरत नाही, सगळा भार दोन रबरांवर. नारळ विकले गेले होते, पण परतीला म्हणून त्याने मित्र मागे बसवला होता. मी त्याला तिथेच थांबायला सांगितलं, मित्राला पायी उतरायला लावलं, आणि आता पुढच्या रविवारी दोन्ही चाकांचे रबर आणि केबल बदलायच्या आहेत.